सनद, महजर, फारखत, खरेदीखत: कुठल्या कागदाला काय म्हणायचं?

शाईपेन
आमच्या तालुक्याच्या वाचनालयात जुन्या कागदांचं प्रदर्शन भरवायचं चाललंय. लोकांनी घरातले कागद विश्वासाने आणून दिलेत. मोडीतले महजर आहेत, इनामाच्या सनदा आहेत, इंग्रजी अमदानीतली स्टँपपेपरवरची गहाणखतं आहेत, एक फारखत आहे, आणि शेवटी आजचा सातबारा. प्रत्येकाखाली दोन ओळींची चिठ्ठी लावायची, एवढंच माझं काम.

समितीतल्या एका सरांचा आग्रह असा की चिठ्ठीत फारसी-अरबी शब्द नकोत. सनदेला 'अधिकारपत्र', महजराला 'निर्णयपत्र', फारखतीला 'मुक्तिपत्र' लिहा म्हणतात. मला हे पटत नाही. ज्याने कागद लिहिला त्याने वर 'महजर' असं लिहून ठेवलंय, ते पुसणारी मी कोण? पण नुसतं 'महजर' लिहिलं तर बघायला येणाऱ्या नववीच्या पोराला काय कळणार, हेही खरं. जाणकारांनी सांगावं. कागद करताना, वाचताना, कोर्टात दाखवताना तुम्ही कुठले शब्द वापरता?

टवाळ_टोणगा
पुतण्या 'विधी महाविद्यालयात' शिकतो असं सांगितल्यावर आजीने विचारलं, मग सत्यनारायणाची दक्षिणा किती घेतो. तेव्हापासून घरात लॉ कॉलेज हाच शुद्ध शब्द आहे.

ताम्रपट
ताई, महजराला निर्णयपत्र अजिबात लिहू नका. अर्धा अर्थ गळून पडतो. महजर हा शब्द हजर असण्यावरून आलाय. वतनाचा किंवा हद्दीचा तंटा असला की गोतसभा बसायची. देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी, शेटे-महाजन, बलुतेदार असे सगळे जमायचे आणि निवाड्याच्या कागदावर हजर असलेल्यांची नावं यायची. लिहिता न येणाऱ्याची निशाणी असायची: पाटलाचा नांगर, न्हाव्याचा आरसा. निवाड्याइतकंच वजन त्या हजेरीला होतं, कारण पुढे कुणी उलटला तर आख्खं गाव साक्षीला उभं. तुमच्या महजरावर निशाण्या असतील तर चिठ्ठीत त्यांच्याबद्दलच लिहा, पोरं तिथेच थबकतील.

तंट्यात एकच कागद होत नसे, पुडकंच तयार व्हायचं. वादी-प्रतिवादीची 'तकरीर' म्हणजे लेखी जबानी. सभा जो निवाडा करील तो मान्य, असं दोघांनी आधीच लिहून द्यायचं तो 'राजीनामा'. त्याला जामीन राहणाऱ्याचा 'जामीनकतबा'. जिंकणाऱ्याला 'जयपत्र' आणि हरलेल्याकडून 'यजितखत', म्हणजे माझा दावा खोटा ठरला अशी कबुली. हरलेल्याकडून सही घेणं आजच्या कोर्टाला जमलेलं नाही.

सनदेची गोष्ट वेगळी. सनद वरून खाली येते. बाळाजी विश्वनाथाने १७१९ मध्ये दिल्लीहून स्वराज्याच्या, चौथाईच्या आणि सरदेशमुखीच्या सनदा आणल्या, तिथपासून ते गावच्या जोश्याच्या बिघाभर इनामापर्यंत देणारा एक आणि घेणारा एक. तिला 'अधिकारपत्र' म्हटलं तर चूक नाही. पण वकिलाला सनद मिळते, सनदी अधिकारी असतो, सनदी लेखापाल असतो, नागरिकांची सनद सरकारी कचेरीच्या भिंतीवर टांगलेली असते, संयुक्त राष्ट्रांची १९४५ ची ती सनदच. एवढा जिवंत शब्द काढून टाकायचं कारण कळलं नाही.

केशरी_टोपी
कारण मी सांगतो. खुद्द शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करून घेतला तो कशासाठी? रघुनाथपंत हणमंत्यांनी दहा वर्गांत फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. पेशव्याचा मुख्य प्रधान झाला, मुजुमदाराचा अमात्य, सुरनिसाचा सचिव, डबिराचा सुमंत, सरनौबताचा सेनापती. साडेतीनशे वर्षांपूर्वी जी दृष्टी होती ती आज आपल्याला नको झाली? सरांचं बरोबर आहे.

ताम्रपट
कोश झाला, आणि तो मोठाच उद्योग होता, याबद्दल दुमत नाही. पण १६७४ च्या राज्याभिषेकाच्या वेळी अष्टप्रधानांची कामं ज्या कागदात लावून दिली त्या कागदाला म्हणतात 'कानूजाबता'. दोन्ही शब्द अरबी. पुढे शंभर वर्षं शिक्क्यात 'प्रधान' आणि लोकांच्या तोंडी 'पेशवे'. दरबाराची भाषा बदलता येते. ज्याच्या उशाखाली कागद असतो त्याची भाषा सावकाश बदलते, कारण शब्द बदलला तर हक्क बदलेल अशी त्याला धास्ती असते.

ती धास्ती उगाच नव्हती. इंग्रजांनी १८५२ च्या अकराव्या कायद्याने इनाम कमिशन बसवलं आणि मुंबई इलाख्यातल्या इनामदारांना सांगितलं, दाखवा सनद. ज्यांची वाळवीने खाल्ली होती, जळली होती किंवा पहिल्यापासून तोंडीच होती त्यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या जमिनींवर सारा बसला. असला कागद जपणाऱ्याला शब्दाच्या शुद्धतेचं काय पडलंय!

मुद्रांकशुल्क
दुय्यम निबंधक कार्यालयाच्या बाहेर बसून दस्त लिहिण्यात माझा जन्म गेला, म्हणून थोडं.

आमच्याकडे वादच नाही. खरेदीखत, साठेखत, गहाणखत, बक्षीसपत्र, हक्कसोडपत्र, वाटणीपत्र, मृत्युपत्र, भाडेपट्टा, कुलमुखत्यारपत्र, चूकदुरुस्तीपत्र. 'खत' आणि 'पत्र' शेजारी-शेजारी बसतात, कुणी कुणाला हाकलत नाही. दोन पक्षांना आम्ही 'लिहून देणार' आणि 'लिहून घेणार' म्हणतो. विक्रेता-क्रेता असं लिहिलं की पक्षकार विचारतो, यातला मी कोणता?

आता एक गंमत सांगतो. शेतजमिनीच्या जुन्या वळणाच्या खरेदीखतात चतुःसीमेनंतर एक वाक्य येतं: 'सदरहू मिळकत जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप यांसह दरोबस्त लिहून दिली असे.' माझ्या गुरूंनी मला ते तोंडपाठ करायला लावलं होतं. पुढे एका इतिहास संशोधकांनी दाखवलं की हीच मोळी शिवकाळातल्या इनामपत्रांत आहे, आणि 'निधिनिक्षेप' तर त्याच्याही कितीतरी आधी ताम्रपटांत. राजे गेले, सुलतान गेले, गोरे साहेब गेले, आणि वाक्य मात्र आमच्या संगणकात टेम्प्लेट होऊन बसलंय.

त्यातलं सगळं आज विकता येतं असं नाही हं. निधी सापडला तर १८७८ चा गुप्तधनाचा कायदा लागतो. दहा रुपयांवरचं पुरलेलं धन सापडलं की कलेक्टरला कळवावं लागतं. म्हणजे लिहून देणारा जे देतोय ते त्याचं नाहीच. तरी वाक्य काढलं की लिहून घेणारा कुरकुरतो: 'ते जलतरूचं राहिलं.'

टवाळ_टोणगा
दहा रुपये! म्हणजे सोफ्याच्या फटीत नाणी सापडली की मी गुन्हेगार?

विधिनिषेध
टोणगोबा, त्या कायद्यातलं गुप्तधन जमिनीत दडलेलं किंवा जमिनीशी जोडलेल्या वस्तूत दडलेलं असावं लागतं. सोफा सुटला.

मी तालुका कोर्टात वकिली करते. मुद्रांकशुल्क काकांनी साठेखत आणि खरेदीखत ओळीने लिहिलं, पण या दोघांत जी दरी आहे तिच्यात माणसं पडतात, म्हणून जरा थांबते. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२, कलम ५४. साठेखत म्हणजे पुढे खरेदीखत करू असा करार. त्याने मालकी जात नाही. खरेदीखताने जाते, आणि शंभर रुपये किंवा जास्त किमतीच्या स्थावराचं असेल तर ते नोंदवलेलंच हवं. लोक साठेखत करून पूर्ण पैसे देतात, ताबा घेतात, वर कुलमुखत्यारपत्र आणि मृत्युपत्र करून घेतात आणि समजतात झालो मालक. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सूरज लॅम्पच्या निकालात स्वच्छ सांगितलं की या तिकडीने मालकी मिळत नाही. तरी माझ्याकडे दर महिन्याला कुणीतरी तीच फाइल घेऊन येतं.

आणि याच्या उलटही असतं. वर 'खरेदीखत' असा मथळा आहे पण आत लिहिलंय की अमुक मुदतीत रक्कम परत केली तर जमीन परत देईन. गावात याला 'मुदत खरेदी' म्हणतात. सावकाराला ती खरेदी ठरायला हवी असते, शेतकऱ्याला गहाण. कोर्ट मथळ्यावर जात नाही, आतला मजकूर आणि दोघांचा इरादा बघतं. परतीची अट त्याच दस्तात असेल तर निदान गहाण म्हणून भांडायला जागा राहते. ती वेगळ्या कागदावर लिहिली असेल तर कलम ५८ च्या परंतुकाने ते दारही बंद. म्हणून सावकार दोन कागद करतो. शाईपेन ताई, तुमच्या गहाणखतांत असं काही सापडलं तर बघा. नजरगहाण आहे की ताबेगहाण, हे मात्र चिठ्ठीत जरूर लिहा. नजरगहाणात जमीन कर्ज घेणाऱ्याकडेच राहते, ताबेगहाणात सावकार पीक खातो. त्या घरावर काय वेळ आली होती ते या एका शब्दात दिसतं.

गोदाकाठ
मराठवाड्यातून हजेरी. तुमचे सगळे शब्द मुंबई इलाख्याचे झाले. आमच्याकडे निजामाची राजवट असल्याने पेटी उघडली की वेगळीच नावं निघतात: मुंतखब, सेतवार, पहाणीपत्रक, खासरापत्रक.

मुंतखब म्हणजे इनामाची चौकशी होऊन जो निर्णय झाला त्याचा उतारा. देवस्थानच्या आणि दर्ग्याच्या जमिनींचे दावे आजही त्यावर चालतात. इनाम-वतनांच्या या सगळ्या खात्याला 'अतियात' म्हणायचे, आणि हैदराबाद अतियात चौकशी अधिनियम, १९५२ असा स्वतंत्र भारतात झालेला कायदाही आहे. म्हणजे सरकारनेसुद्धा शब्द बदलला नाही, बदलता आलाच नाही. मुंतखबात 'मददमाश' लिहिलंय की 'खिदमतमाश' यावर शेकडो एकर अडकलेत. मददमाश म्हणजे माणसाच्या पोटापाण्यासाठी दिलेलं. खिदमतमाश म्हणजे देवाच्या किंवा दर्ग्याच्या सेवेसाठी दिलेलं, ते पुजाऱ्याला विकता येत नाही. दोन्हींचं मराठी 'इनाम' असं एकच करून टाका आणि बघा कोणकोण खूश होतं ते.

केशरी_टोपी
माझा मुद्दा जुने कागद फाडा असा नाहीच. नवीन लिहिताना तरी मराठी लिहा, एवढंच.

विधिनिषेध
नवीन लिहिताना काय झालंय ते बघू या की. १९६० मध्ये भाषा संचालनालय स्थापन झालं, १९६४ चा राजभाषा अधिनियम आला, कोश झाले. पदनामकोश निघाल्यावर 'बदनामकोश' म्हणून भरपूर टिंगल झाली, पण त्यातली कित्येक पदनामं आज तुम्हीआम्ही न अडखळता वापरतो. तेव्हा घडवलेले शब्द रुजत नाहीत असं मी म्हणणार नाही. विधेयक, अध्यादेश, अधिसूचना, परिपत्रक, शासन निर्णय हे सगळं रोजच्या पेपरात असतं. अध्यादेशाच्या शेजारी 'वटहुकूम' अजून टिकून आहे, आणि मला तोच आवडतो, कारण त्यात हुकूम ऐकू येतो.

कोर्टात मात्र यांची अदलाबदल चालत नाही. विधिमंडळ करतं तो अधिनियम. त्या अधिनियमाने दिलेल्या अधिकारात सरकार करतं ते नियम, एखादं मंडळ किंवा विद्यापीठ करतं ते विनियम, आणि सोसायटीचे ते उपविधी. शासन निर्णय, म्हणजे आपला जीआर, यातला कुणीच नाही. त्याखाली 'महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने' असं छापलेलं असतं म्हणून लोक दबकतात, पण तो प्रशासनाचा आदेश आहे, अधिनियमाच्या विरुद्ध गेला तर टिकत नाही. 'कायदा' हा शब्द यातल्या सगळ्यांना लावतात, आणि मग सोसायटीचा सेक्रेटरी उपविधीला कायदा म्हणून भाडेकरूला दम देतो.

फसलेला शब्दही सांगते: 'मानीव अभिहस्तांतरण'. बिल्डर जमिनीचं हस्तांतरण करून देत नाही तेव्हा १९६३ च्या मोफा, म्हणजे सदनिका मालकीच्या, कायद्याच्या कलम ११ खाली सोसायटी जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करते, त्याचं हे अधिकृत नाव. अर्जावर हे, अर्ज करणाऱ्याच्या तोंडी 'डीम्ड कन्व्हेयन्स'. अजून एकही चेअरमन मला अभिहस्तांतरण न अडखळता म्हणताना भेटलेला नाही.

टवाळ_टोणगा
मानीव अभिहस्तांतरणासाठी प्रतिज्ञापत्रासह अनुज्ञाप्राप्त अभिकर्त्यामार्फत... दम लागला.

मांडवीतीर
गोव्याची बाजू कुणी मांडलीच नाही. आमच्याकडे तिसरीच तऱ्हा.

सनदेचा विषय निघालाय तर 'फोराल' सांगायलाच हवा. तिसवाडी पोर्तुगिजांच्या हाती १५१० मध्ये गेली. गावाची जमीन गांवकारांच्या सामाईक मालकीची, तिची वहिवाट ठरलेली. महसूल कसा घ्यायचा, गांवकारांचे हक्क काय, वारसा कसा, हे सगळं विचारून १५२६ मध्ये आफोन्सो मेशिया या अधिकाऱ्याने फोराल तयार केला. पोर्तुगालात फोराल म्हणजे राजाने नगराला दिलेली सनद. इथे मात्र त्यात नवं फारसं दिलेलं नाही, आधीपासून चालत आलेली रूढी लिहून काढून वर राजाची मोहर लावली आहे. म्हणजे वर ताम्रपट यांनी सनद आणि महजर असा जो भेद केला, त्याच्या मधोमध हा कागद बसतो. रूप सनदेचं, आतला मजकूर गावाचा. त्याच गांवकाऱ्या, म्हणजे गांवकारांच्या गावसंस्था, पुढे 'कोमुनिदाद' झाल्या, त्यांची १९६१ ची संहिता आहे, आणि 'झोण' नावाचा गांवकाराचा वाटा अजून काही ठिकाणी मिळतो.

सातबारा आमच्याकडे नाही, 'एक-चौदाचा उतारा' असतो. आणि १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेमुळे लग्नानंतर मिळकत सर्वसाधारणपणे नवरा-बायको दोघांची सामाईक होते, त्यामुळे विक्रीच्या दस्तावर दोघंही हवीत. पुण्या-मुंबईचे लोक गोव्यात घर घ्यायला येतात, एकट्या नवऱ्याच्या सहीचा कागद दाखवतात आणि मग नोटरीकडे डोळे विस्फारून बसतात.

शाईपेन
केवढं मिळालं! फारखतीबद्दल मात्र कुणी बोललं नाही. आमच्याकडची फारखत सावकाराने दिलेली आहे, बायकोला नव्हे. समितीत त्यावरून हशा झाला म्हणून विचारते.

ताम्रपट
हशा कशाला, तोच मूळ अर्थ. देणं फिटलं, आता माझा काही दावा राहिला नाही, असं सावकाराने लिहून द्यायचं ती फारखत. त्याच अर्थाने नवरा-बायकोच्या सोडवणुकीला तो शब्द लागला आणि बोलताना 'फारकत' झाला. 'राजीनामा'ही असाच सरकलाय. आधी पंचांचा निवाडा मानायला राजी असल्याचा कागद. मग इंग्रजांच्या रयतवारीत खातेदार जमीन सोडताना राजीनामा द्यायचा आणि नवा खातेदार कबुलायत लिहून द्यायचा. सोडण्याचा अर्थ तिथे पक्का झाला आणि पुढे तो नोकरीला आणि मंत्रिपदाला लागला. हिंदीत राजीनामा म्हणजे अजून तडजोडच, त्यामुळे उत्तरेतल्या कोर्टाची बातमी मराठीत आणताना भले भले घसरतात.

तह आणि करार हीसुद्धा अशीच जोडी. पुरंदरचा १६६५ चा, सालबाईचा १७८२ चा, वसईचा १८०२ चा, हे तह. १९३२ चा पुणे करार, १९५३ चा नागपूर करार. तलवार गेली, तह गेला.

मुद्रांकशुल्क
ताई, चिठ्ठीचं सोपं आहे. वर कागदावरचं नाव ठळक, खाली तो काय काम करतो ते साध्या मराठीत. 'फारखत. कर्ज फिटल्यावर सावकाराने दिलेली लेखी सुटका.' सरांचं मुक्तिपत्र दुसऱ्या ओळीत घालायचं तर घाला, कुणाचं काय जातंय. मात्र मूळ कागद काचेत ठेवू नका, रंगीत झेरॉक्स लावा. आणि लॅमिनेशन कुणी सुचवलं तर त्याला समितीतून काढा.

सिएटलकर
जरा अवांतर. गावची जमीन विकायची आहे, येणं जमत नाही. भावाला 'पॉवर' द्यायची तर कुलमुखत्यारपत्र की वटमुखत्यारपत्र? भाऊ एक म्हणतो, एजंट दुसरं.

मुद्रांकशुल्क
दोन्ही तेच. तुमच्यापुढचा खरा प्रश्न कुल की खास. एका जमिनीच्या एका विक्रीसाठी खास मुखत्यारपत्र करा, गट नंबर घालून. सगळे अधिकार देणारं कुल करू नका, सख्खा भाऊ असला तरी. तिकडे नोटरीसमोर किंवा भारतीय वकिलातीत साक्षांकित करून पाठवा, आणि कागद महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत इथलं मुद्रांक शुल्क भरून घ्या. भावाला तारखेचं पाकीट जपून ठेवायला सांगा, पोचल्याचा पुरावा तोच.

विधिनिषेध
भर घालते: मुखत्यारपत्र देणारा वारला की एरवी ते तिथेच संपतं, करार अधिनियम १८७२, कलम २०१. आईच्या नावची जमीन असेल आणि मुखत्यारपत्र तिचं असेल तर तिच्या पश्चात त्यावर सही करून दस्त करू नका. आधी वारसनोंद, मग फेरफार, मग विक्री. जमीन कुणाच्या नावे आहे ते सांगा, म्हणजे पुढचं बोलता येईल.

सिएटलकर
आईच्याच नावे आहे. आई आहे, ठणठणीत आहे. तिलाच विकायची नाहीये, तो वेगळा धागा.